कानातला श्वास

जुन्या हेडफोनच्या गादीचा घामट, रेक्झिनचा वास आला की नाट्यगृहातली ती दुपार आठवते. रंगमंचामागं सगळ्यांना वायरीनं जोडणारा इंटरकॉम मी सांभाळत होते. "हॅलो" म्हणायला सांगितलं की माणसं ओरडतात आणि आवाजाची पातळी चुकते, म्हणून मी प्रत्येकाला आज काय खाल्लं ते विचारायचे. दोर ओढणारे मामा बिडकीनहून यायचे. त्या दिवशी ते हळूच म्हणाले, "आज काय गेलं नाय पोटात." मी त्यांच्या माइकचा आवाज वाढवला आणि पुढच्याकडं वळले. तिसऱ्या प्रवेशात लोखंडी चौकटीचा महाल वरून उतरायचा होता, आणि खाली, तो टेकायचा त्या जागेपासून हातभर अंतरावर दोन मुली नाचत होत्या. मी "सोडा" म्हणणार, तेवढ्यात कानात श्वास आला, तुटक आणि घरघरता. मामा नेहमीसारखे माइक बंद करायला विसरले होते. "मामा, दोर बांधून टाका." कानात पुन्हा तोच श्वास. शेजारी दिग्दर्शक दातओठ खात होते, "अगं, सोडायला सांग." मी त्यांच्याकडं न बघता विंगेतल्या लाइटवाल्याला इंटरकॉमवर म्हणाले, "पळ, मामांचा दोर धर." वर महाल हलत होता, खाली घुंगरं वाजत होती. मग त्याचा आवाज आला, "धरला. मामा खाली बसलेत, अंग लई गार पडलंय." महाल त्या दिवशी उतरलाच नाही. मामा दवाखान्यातून आठवड्यानं परत आले. तो प्रश्न मी आजही विचारते, पण कुणी हळू बोललं तर आधी आवाजाच्या बटणाला हात लावत नाही. हेडफोन काढते आणि त्याच्यापर्यंत चालत जाते.