मनात वाचायचा शब्द

आमच्या शाळेतले मराठीचे सर मूळचे कोकणातले. सिल्वासात इतकी वर्षं काढली, तरी बोलणं तिकडचंच, जरा नाकातलं. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच येत नाही, म्हणून पुढचा तास घ्यायला आलेला मी रोज दारात उभा असतो. धडा वाचतात तो प्रत्येकाचा आवाज काढून. मध्येच "गाढवांनो, पान तरी उघडा," असं चालू असतं. मुलं हसतात आणि मधल्या सुट्टीत त्यांचीच वाक्यं एकमेकांवर फेकतात.

परवाचा धडा एका लेखकाच्या शाळेतल्या आठवणींचा होता. त्यात गावातला एक जण त्याला जातीवरून शिवी घालतो. तीच शिवी मला लहानपणी आमच्या गुरुजींनी घातली होती. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तरी ती अजून टोचते. समोरच्या बाकावर नंदुरबारकडची एक मुलगी होती, बाप इथल्या खडोलीच्या कंपनीत कामाला. तिची जातही तीच. सरांनी तो आवाज काढला असता, तर सुट्टीत तिला तेच नाव पडलं असतं.

त्या ओळीपाशी सर थांबले.

"हा शब्द मनात वाचा. मी उच्चारला, तर तुम्हाला वाटेल की आता बोलायला हरकत नाही."

माझा जीव भांड्यात पडला.

"ऐकून त्या पोराला काय वाटलं असेल?" त्यांनी विचारलं.

मग त्या मुलीनंच हात वर केला.

"उद्यापासून शाळेत नाही यायचं, असं वाटलं असेल, सर."

"मग? आला की नाही?"

"आला ना सर. नाहीतर हा धडा कोणी लिहिला असता?"