पाणी फार स्वच्छ झालं तेव्हा

छातीत कळ येऊन दवाखान्यात दाखल झालेला नवरा शुद्धीवर आला, तेव्हा त्याने पहिली चौकशी केली ती टाकीची. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. बैठकीच्या खोलीतली ती खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातले मासे आणि प्रवाळं त्याने वर्षानुवर्षं खपून सांभाळली होती. बायको शिवणकाम करायची. टाकीबद्दल तिचं मत एवढंच, की त्यापेक्षा सवत आणली असती तर तिने निदान भांडी तरी घासली असती.

आता मात्र टाकी तिच्याच गळ्यात पडली. सासरे घरीच असत, पण त्यांच्याकडून ते होणारं नव्हतं. पेशंटच्या जिवाला कसलाही घोर लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून भेटायला गेली की ती सांगायची, टाकी झकास आहे.

झकास काही नव्हतं. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलं होतं. नवरा पाण्यातलं फॉस्फेट कसं तपासतो, ते तिने पाहिलं होतं. बाटलीत पाणी घेऊन तिने पूड टाकली. पाणी गडद निळं झालं. रंग जितका गडद, तितकं फॉस्फेट जास्त. माशांचं उरलेलं खाणं कुजून ते वाढतं आणि शेवाळाचं फावतं. पण ती तर चिमूटभरच खाणं टाकत होती.

दुकानदाराने फॉस्फेट शोषून घेणारे दाणे दिले. जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा, पण थोडे थोडे, असं त्याने दोनदा सांगितलं. घरी येऊन पाहते तर शेवाळाने जांभळ्या, फांद्याफांद्यांच्या प्रवाळाला विळखा घातलेला. तिला धीर निघेना. तिने अख्खा पुडा पिशवीत ओतला.

पाणी काचेसारखं झालं. पुन्हा तपासलं, तर निळ्याचा मागमूस नाही. तिला हायसं वाटलं. पण लवकरच जांभळं प्रवाळ बुडापासून पांढरं पडू लागलं. कातडी सोलवटून निघावी तसं. बाकीची मिटून बसली. काय चुकलं ते सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याशीच ती खोटं बोलत होती.

त्या दुपारी ती दवाखान्यातून लवकर परतली. सासरे टाकीशी उभे होते. दृष्टी अधू झालेली, त्यामुळे एका हाताने काच चाचपत होते आणि दुसऱ्या हाताने मूठभर खाणं पाण्यात सोडत होते.

"बाबा, हे रोज चाललंय?"

त्यांनी काचेवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "त्याला भेटायला जाणं माझ्याच्यानं होत नाही. म्हटलं, त्याच्या माशांना तरी उपाशी ठेवू नये."

रागाचे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि आल्या पावली परत दवाखान्यात गेली.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. सांगताना तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, उशाशी हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रावर होती. त्याने डोळे मिटले. तिचा जीव टांगणीला लागला.

"सगळा पुडा घातलास?"

"हो."

"अगं, थोडं फॉस्फेट प्रवाळांनाही लागतं. एका फटक्यात काढलं की त्यांना ते सोसत नाही." त्याने डोळे उघडले. "ती पिशवी काढ. मग चिमूटभरच दाणे घाल, खाणं बेताचं टाक आणि हात आवर. रोज काहीतरी करत बसलीस तर उरलेलीही जातील."

घरी येऊन तिने सासऱ्यांनाही सगळं समजावलं. हात आवरणं तिला सगळ्यात जड गेलं. मशीनवर बसलं तरी लक्ष टाकीकडे. सासरे सकाळ-संध्याकाळ विचारायचे, पांढरं पुढे सरकलं का? ती खरं सांगायची, सरकलं. जांभळं प्रवाळ टोकापर्यंत पांढरं होऊन मेलं. तिने ते स्वतःच्या हाताने बाहेर काढलं आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. पुढे एका सकाळी मिटून बसलेल्या गोल प्रवाळांपैकी एकाने आपल्या बारीक सोंडा बाहेर काढल्या. मग दुसऱ्याने. तपासणीत आता पुसटसा निळा रंग येत होता.

नवरा घरी आला तो सरळ टाकीसमोर जाऊन बसला. जांभळ्याची रिकामी जागा त्याला लगेच दिसली. ती दारातच उभी राहिली. त्याने वडिलांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर खाणं ठेवलं.

"एवढंच. पण रोज तुम्हीच टाकायचं."

बाबांनी तळहात डोळ्यांजवळ नेला. "एवढ्याने भागतं?"

"भागतं."