बिनसांध्याचे मिस्त्री

मिस्त्रींना सगळे ‘बिनसांध्याचे’ म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी सॉलिड सरफेसच्या, म्हणजे कृत्रिम दगडाच्या, दोन पाट्या ते अशा जोडत, की घरच्या बाईलाही सांधा सापडत नसे. त्यांची रीत ठरलेली होती. गोंद वाळला, पॉलिशपेपर मारून झाला, की पडदे ओढून अंधार करायचा, डोळे मिटायचे आणि बोटं फिरवून बघायचं. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता!

पण आता बोटांनीच दगा दिला. तीस वर्षं ग्राइंडर धरून धरून बोटांची टोकं बधिर झाली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच, आणि तीच रोज सोबत कामाला, शेवटचं घासणं-पुसणं तिच्याकडे. बधिर बोटांना काय, सगळंच गुळगुळीत लागतं हो! ते बोटं फिरवत, ‘झालं’ म्हणत आणि मनातून धास्तावत, की आज आपलं पितळ उघडं पडणार. महिने गेले, एक तक्रार नाही. मग त्यांना वाटायला लागलं, हात अजून शाबूत आहे.

त्या दिवशी काम होतं एका शाळेतल्या बाईंकडे. बाईंनी आधी काळ्याभोर रंगाचा हट्ट धरला होता. मिस्त्रींनी समजावलं होतं, “ताई, काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. हा फिकट ठिपक्यांचा घ्या. ओरखडा पडला तर ओल्या घासणीनं गोल गोल घासा, जातो. फक्त तापलेली कढई थेट टेकवू नका.”

ओटा बसला. बोटं फिरवून ‘झालं’ म्हणत मिस्त्री हत्यारं गाडीत ठेवायला गेले आणि चष्मा राहिला म्हणून परत आले. पडदे अजून ओढलेलेच होते. बायको ओट्यावर वाकून, डोळे मिटून बोटं फिरवत होती. मध्येच थांबे, पेपरनं घासे, पुन्हा फिरवे.

“कधीपासून?” मिस्त्रींनी विचारलं.

ती दचकली. “वर्ष होत आलं. तुम्ही शर्टाची बटणं अर्धवट लावून निघायला लागलात, तेव्हापासून.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ज्या कामावर मिरवलो, ते हिचं! ते ओरडणार, तेवढ्यात बाई आत आल्या आणि त्यांनी ओट्यावरून हात फिरवला.

“कमाल केलीत मिस्त्री! सांधा गेला कुठे?”

बायकोनं पेपर मुठीत लपवला.

“हिला विचारा,” मिस्त्री म्हणाले. “ओटा हिनं केलाय.”

बाईंना थट्टा वाटली. त्या हसल्या.

“थट्टा नाही, ताई. माझ्या हाताला आता काही कळत नाही.”

वर्षभर जे बायकोला सांगवलं नाही, ते त्यांनी एका परक्या बाईला सांगितलं. बायको तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली.