आबांच्या पाठीमागची जागा

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. वरवंडच्या मळ्यातल्या घराच्या ओसरीत मी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पुढ्यात टॅब ठेवला आणि मेंदूच्या व्यायामाचा पहिला डाव सुरू केला. पडद्याच्या उजव्या किंवा डाव्या कडेला पाखरू क्षणभर चमके. ते विझले की त्या बाजूला बोट लावायचे. तीस पाखरे, तीस गुण; वेळेत बोट लागले नाही तर गुण नाही. आबांना नऊ मिळाले.

मेंदूचे कार्य हाच माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने अशा सरावाच्या मर्यादा मला ठाऊक होत्या. ज्याचा सराव करावा त्यात माणूस सुधारतो. त्यापलीकडचे खात्रीने सांगता येत नाही. पण आमच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. त्या हिवाळ्यात आबा भर दुपारी हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले होते, तिथे नसलेली मेंढरे हातवाऱ्यांनी थोपवत. तेव्हापासून शिरूरला राहणाऱ्या चुलत्यांनी ठरवले होते, की उरलेली मेंढरे विकायची आणि आबा-आजी दोघांना आपल्या फ्लॅटवर न्यायचे. आजी हटून बसली. अखेर तोडगा निघाला: उन्हाळ्यापर्यंत आबांचा आकडा चढला तर दोघांनी मळ्यावरच राहावे.

आकडा चढला. चौदा, एकोणीस, बावीस. दर रविवारी मी पुण्याहून येई, आबा बाजेवर बसत आणि त्यांच्या खांद्यावरून पडदा दिसेल अशी आजी मागे लसूण सोलत बसे. एप्रिलमध्ये सव्वीस आले.

"किती?" आजीने विचारले.

"सव्वीस."

"आन् तुझा चुलता म्हनतोय, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. त्याला म्हनावं, तूच बस की हितं, बघू किती पडत्यात."

"त्याला धा बी न्हाई पडायचं," आबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

आकड्यांचा तो चढता आलेख प्रयोगशाळेत दाखवायचे मी मनाशी ठरवून टाकले.

पुढच्या रविवारी डाव चालू असताना एक कोकरू वाळत घातलेल्या ज्वारीत शिरले. आजी त्याला हाकलायला उठली. ती परत येईपर्यंत आबांचे बोट हवेतच राहिले. ती बसली आणि उत्तरे पुन्हा अचूक येऊ लागली. मग मी पडद्याकडे न पाहता फक्त कान दिले. पाखरू उजवीकडे असले की आजी जीभ टाळूला लावून टक् करी. डावीकडे असले की ओठांतून हलकेच हुर्र. हे आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणूनच ते मला ऐकू येत नव्हते. कळप घेऊन कोकणात उतरायच्या दिवसांत आबा पुढे चालत, आजी घोड्यावर बिऱ्हाड लादून मागे. मागून तिचा आवाज येईल त्याप्रमाणे ते कळप वळवत. नातवंडांची नावे पुसली गेली होती. ते आवाज शाबूत होते.

"आजी, तू त्यांना उत्तर सांगतेस."

"सांगत न्हाई, वळवते. त्या मशिनीला काय कळतंय?"

"मला कळतं."

"तुला कळू नये म्हनून तर हळू करत व्हते."

एक डाव तुझ्याशिवाय घ्यावा लागेल, असे मी तिला सांगितले. आवाज देणारे माणूस शेजारी नसले तर आबा रस्त्यावर काय करतील, हे त्या सव्वीसमधून कोणालाच कळणार नव्हते.

"आन् कमी पडले तर?"

"जे पडतील ते काकांना सांगेन."

तिने पदराने आबांची हनुवटी पुसली, सूप उचलले आणि गोठ्यामागे निघून गेली.

पहिले पाखरू उजवीकडे चमकले. आबांनी बोट उचलले आणि ते थांबले. दुसरे चमकले, तिसरे. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. मुक्कामावर थांबलेल्या माणसाची शांत, खात्रीचे वाट पाहणे होते. मध्येच त्यांनी मान वळवून मागची रिकामी जागा पाहिली.

"बाई, ती मागं ऱ्हायली व्हय? थांब जरा. येऊ दे तिला."

मी डाव थांबवला नाही. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी पंधराच्या आसपास आली असती. शेवटचे पाखरू विझल्यावर मी नोंद केली: तीसपैकी दोन.