मिठावर हलका हात

चिखलाचं मला काय सांगता, असा तोरा घेऊनच मी सासरी आले. माहेर सुकापूरचं, भातशेतीचं. लावणीआधी फळी दाबून चिखल सपाट करण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. सासर पनवेलच्या खाडीकाठचं, मिठागरातलं. देश स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मीठ ओढायची लांब दांड्याची फळी हातात दिली. मी शेतातल्यासारखा अंगाचा भार टाकला. खालचा तळ उकरला गेला आणि पांढऱ्याशुभ्र मिठात चिखल कालवला गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “आगो, भात लावाचा हाय का तुला?”

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. सासरे गेल्यापासून मिठाचा वाफा सासूबाईच चालवत होत्या, नवरा मुंबईला गोदीत. त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण मिठागराच्या मुकादमाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर वाफा दुसऱ्या घरी गेला असता. म्हणजे मला शिकणं भागच होतं. येत नाही ते शिकता येतं हो, पण येतं ते विसरायचं कसं?

सासूबाई तोंडाने फटकळ. “डोले मिट. आयक,” म्हणायच्या आणि माझ्या हातांवर आपले राठ हात ठेवून फळी ओढायच्या. मिठावरून फळी खरखर वाजायची. तळाला टेकली की आवाज बसायचा आणि माझ्या मनगटावर चापट पडायची. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे. उन्हाळा चढत गेला तशा चापटा कमी झाल्या.

मुकादम आला तेव्हा आमची रास पांढरीफेक होती. तो म्हणाला, “म्हातारे, हात हाय तुजा अजून!”

सासूबाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्या बांधावर बसूनच म्हणाल्या, “माजे गुडगे कवाच गेले. ये सगलं सुनेनं केलंय. आता काय इचाराचं ते तिला इचारा.”

गेला वाफा, असंच मला वाटलं. मुकादमाने शेजारचा मिठाने भरलेला वाफा दाखवला. “वड बगू.” मी डोळे मिटले आणि ओढलं. त्याने वाकून मीठ मुठीत घेतलं, पाहिलं, आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे वाफा तुमच्याकडंच.”

मी तिथेच रडले. माझ्या आईनेसुद्धा चारचौघांत मला कधी एवढं मोठं केलं नव्हतं.