यादीत नसलेला शंख

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. तरीही हे लिहितेय, कारण चूक माझीच होती.

२००४चा डिसेंबर. आमच्या फर्मकडे सेंट क्रॉय बेटावरच्या – कॅरिबियनमध्ये असलं तरी तेही अमेरिकाच – उसाच्या मळ्यातल्या एका जुन्या बंगल्याचं रिस्टोरेशन होतं. मळा एके काळी गुलामांच्या जिवावर चाललेला. माझं काम यादीचं: प्रत्येक दार, बिजागरी, फरशी... सगळ्याला नंबर. बंगल्यामागच्या झुडपांत मोठाले गुलाबी शंख पडलेले दिसले. एक उचलला, बॅगेत टाकला. यादीत लिहिला नाही. शंख म्हणजे शुभ, देवघरात शोभेल – एवढंच डोक्यात.

मुख्य अमेरिकेत, पिस्कॅटवेला घरी आल्यावर तीनदा धुतला, देवांशेजारी ताम्हनात उताणा ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले, तर पालथा. सरळ केला. पुढच्या संध्याकाळी पुन्हा पालथा... आणि खाली चिमूटभर ओली, तांबूस माती. बाहेर तर अंगण बर्फाखाली गोठलेलं!

"आई, आय डिडन्ट टच इट, ओके?" लेक वैतागली.

नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या यादीत नाव नाही म्हणून रुसला असेल."

मला हसू आलं नाही.

पाचव्या दिवशी बंगल्याची देखभाल करणाऱ्या मिस अर्नेस्टीनना फोन केला. सत्तरीच्या बाई, त्याच मळ्यावरच्या गुलामांच्या वंशातल्या. ऐकून त्या म्हणाल्या, "ती आमची थडगी आहेत गं. गुलामाला कोरीव दगड कोण देणार? शंख पालथा ठेवायचे. तू कोणाचा उचललास?"

त्या घराच्या बिजागऱ्यासुद्धा मोजल्या होत्या मी. हे मात्र सांगता येईना.

सुट्टी टाकली, शंख घेऊन परत गेले. मिस अर्नेस्टीन काठी टेकत झुडपांपर्यंत आल्या. "दाखव." मी एका जागेकडे बोट केलं. त्यांनी गुडघे टेकले, शंख पालथा ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहिल्या. उठताना माझा हात धरून म्हणाल्या, "थँक यू, चाइल्ड."

घरी पुन्हा तसं काही घडलं नाही. ती माती कुठून येत होती, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण ती जागा मी अंदाजाने दाखवली होती, हे त्यांना सांगायचं राहिलं... राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही.