ट्रायल नसलेलं काम

धाकटे मास्तर सकाळपासून पिसाळले होते. गिऱ्हाइकाची बाही टेपने मोजली आणि टेबलापर्यंत तीन पावलं जाईतो आकडा डोक्यातून साफ उडाला. चाळीस वर्षं मापं डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचा हात पुन्हा लांब करायला लावावा लागला.

"सात महिने!" गिऱ्हाईक जाताच ते बायकोवर उखडले. "रोज तासभर चालून पाय तोडतोय, सिगारेट सोडली, मीठ सोडलं, रक्तदाबाची गोळी चुकवली नाही. काय उपयोग झाला?"

काजं करत बसलेल्या बायकोने मानही वर केली नाही. "अहो, एक आकडा विसरलात म्हणून सात महिने पाण्यात घालायचे का?"

"तुझ्या त्या अळणी जेवणानेच मेंदू आटला असेल."

"मीही तेच जेवते."

यावर मास्तर आणखी चिडले.

खरी भीती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. थोरले मास्तर, त्यांचे सख्खे मोठे भाऊ. कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. आता त्यांचं स्मरण गेलेलं, घरात जीव रमत नाही म्हणून रोज दुकानात आणून बसवायचं, आणि ते रोज धाकट्याला गिऱ्हाईक समजायचे. आपलंही असंच होणार, या धास्तीने अडुसष्टाव्या वर्षी धाकटे मास्तर डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं पाळलंत तर धोका कमी होईल. खात्री मात्र देता येत नाही."

"फरक कधी दिसेल?"

"कदाचित दिसणारही नाही. जे टळलं ते दिसणार कसं?"

हेच मास्तरांच्या डोक्यात जायचं. जन्मात त्यांनी ट्रायल घेतल्याशिवाय कपडा दिला नव्हता, आणि हे काम आंधळेपणाने शिवत राहायचं!

ते तरातरा कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, सिगारेटचं पाकीट घेऊन आले आणि काडेपेटीसाठी खण उपसू लागले. पँट खाली ओघळत होती, ती एका हाताने धरून.

"सरळ उभे राहा बघू," मागून आवाज आला.

थोरले मास्तर उठले होते. त्यांनी पँटची कंबर मागे चिमटीत धरली, दोन टाचण्या लावल्या, खडूने खूण केली. हात जराही अडखळला नाही. "दोन इंच आत घ्यावी लागेल. कुणी शिवली?"

"मीच शिवली, दादा."

"मग धंदा बदला."

बायको फस्सकन हसली. मास्तरांनाही हसू फुटलं, पण लगेच ते चरफडले. उतरली होती ती कंबर. डोक्याचं काय, ते टाचणी थोडीच सांगणार!

तेवढ्यात थोरल्यांनी कपड्याला लावायची चिठ्ठी पुढे ओढली, पेन्सिल उचलली आणि अदबीने विचारलं, "नाव काय लिहू?"

या माणसानेच धाकट्याला पाटीवर नाव लिहायला शिकवलं होतं.

"धाकटा लिही," ते कसेबसे म्हणाले.

थोरल्यांनी सावकाश लिहिलं, चिठ्ठी कंबरेला टाचली. "परवा न्या."

मास्तरांनी पाकीट बायकोच्या पुढ्यात आपटलं. "फेकून दे! जातो मरायला, तासभर चालायला." पाय आपटत, मागे चिठ्ठी फडफडवत ते बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांनी स्वतःचं नाव दोनदा मोठ्याने घेतलं.